स्थगित ठेवलेला बँक-शुल्काचा दावा : १५ फेब्रुवारी २०१० पूर्वी काय करावे

हा प्रश्न आणि त्याचे उत्तर जानेवारी २०१० मधले आहेत; त्यांतील नियम, मुदती आणि रकमा त्या वेळच्या आहेत. प्रश्न असा आहे. लंडनमधील हॅरो येथे राहणाऱ्या एका गृहस्थांनी मे २००७ मध्ये आपल्या बँकेविरुद्ध काउंटी कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक दिवाणी न्यायालयात, दावा दाखल केला. खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे डायरेक्ट डेबिट (बिलाची रक्कम खात्यातून परस्पर वळती करण्याची मागणी) परत गेले, किंवा मंजुरी नसताना ओव्हरड्राफ्ट झाला, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त रक्कम खात्यातून गेली, की बँक प्रत्येक वेळी ३० पौंड कापून घेत असे. जुलै २००१ ते फेब्रुवारी २००७ या काळातील अशा ७८ कपातींचे २,३४० पौंड आणि त्यावरील व्याज त्यांनी मागितले. बँकेने कैफियत दाखल केली आणि ऑगस्ट २००७ मध्ये कोर्टाने दाव्याला स्थगिती दिली. आता १८ जानेवारी २०१० चा आदेश हाती आला आहे. स्थगिती उठवण्याचा अर्ज १५ फेब्रुवारीला दुपारी ४ वाजेपर्यंत दाखल झाला नाही, तर दावा आपोआप काढून टाकला जाईल, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात बँका जिंकल्याचे त्यांनी वाचले आहे. दावा अजून जिवंत आहे का, तो पुढे चालवावा का आणि चालवायचा तर कसा, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचा दावा आज जिवंत आहे आणि १५ फेब्रुवारीच्या दुपारपर्यंत तो तसाच राहील. त्यानंतर काय होईल ते तुमच्या अर्जावर अवलंबून आहे. मात्र मुदतीत अर्ज देऊन निम्मेच काम होते. २००७ मध्ये ज्या मुद्द्यांवर तुम्ही दावा लावला, ते मुद्दे सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उरलेले नाहीत. म्हणून स्थगिती उठवण्याच्या विनंतीबरोबरच दाव्याच्या तपशिलात दुरुस्ती करण्याची परवानगी मागावी लागेल, आणि त्या दुरुस्तीचा मसुदा अर्जासोबत जोडावा लागेल. तो नसेल तर न्यायाधीश स्थगिती उठवतील आणि त्याच सुनावणीत बँकेच्या विनंतीवरून दावा फेटाळतील, ही शक्यता फार मोठी आहे.

स्थगिती कशासाठी होती, हे आधी समजून घ्यावे लागते, कारण अर्जाची सगळी मांडणी त्यावर उभी राहते. २००६ आणि २००७ मध्ये खातेदारांनी अशा दाव्यांचा मोठा ओघ लावला होता आणि बहुतेक बँका सुनावणीपूर्वीच पैसे देऊन प्रकरण मिटवत होत्या. २७ जुलै २००७ रोजी ग्राहकहित पाहणाऱ्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी संस्थेने अ‍ॅबी नॅशनल, बार्कलेज, क्लाइड्सडेल, एचबीओएस, एचएसबीसी, लॉइड्स टीएसबी, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूह आणि नेशनवाइड बिल्डिंग सोसायटी यांच्याशी ठरवून हायकोर्टात कसोटी दावा सुरू केला. त्याच दिवशी बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या फायनान्शियल सर्व्हिसेस अथॉरिटीने बँकांना तक्रारींवर ठरावीक मुदतीत उत्तर देण्याच्या बंधनातून तात्पुरती सूट दिली. एकच कायदेशीर प्रश्न वर ठरणार असताना खाली तेच युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकण्यात अर्थ नव्हता, म्हणून देशभरच्या काउंटी कोर्टांनी आपापल्या फायली थांबवल्या.

न्यायमूर्ती अँड्र्यू स्मिथ यांनी २४ एप्रिल २००८ रोजी दोन गोष्टी सांगितल्या. ग्राहक करारांतील अन्याय्य अटींच्या, तेव्हा लागू असलेल्या १९९९ च्या नियमांखाली या शुल्कांची न्याय्यता तपासता येते. मात्र बँकांच्या तेव्हाच्या अटींनुसार हे शुल्क करारभंगाबद्दलचा दंड ठरत नाही, कारण खात्यात पैसे नसताना पैसे काढू पाहणे हा त्या अटींप्रमाणे करारभंगच नव्हे. पहिल्या मुद्द्यावर २६ फेब्रुवारी २००९ रोजी कोर्ट ऑफ अपीलने त्यांना दुजोरा दिला. सुप्रीम कोर्टाने २५ नोव्हेंबर २००९ रोजी तोच मुद्दा पाचही न्यायाधीशांच्या एकमताने उलटवला, आणि २२ डिसेंबरला ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने हे प्रकरण पुढे न नेण्याचे जाहीर केले. तुमच्या कोर्टाने जानेवारीत फाइल उघडली ती त्यामुळेच.

सुप्रीम कोर्टाने नेमके काय ठरवले, ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून कळत नाही. १९९९ च्या त्या नियमांतील ६(२)(ब) नुसार, साध्या आणि समजेल अशा भाषेत लिहिलेल्या अटीची न्याय्यता तपासताना दिलेल्या सेवेच्या मानाने किंमत योग्य आहे की नाही, हा प्रश्न विचारता येत नाही. हे शुल्क म्हणजे चालू खात्याच्या एकत्रित सेवेच्या किमतीचाच एक भाग आहे, असे कोर्टाने म्हटले. ब्रिटनमध्ये खात्यात पैसे असेपर्यंत बँक वेगळे काही घेत नाही; तिचे उत्पन्न तुमच्या शिलकीच्या वापरातून आणि या शुल्कांतून येते. चालू खात्यांपासून बँकांना मिळणाऱ्या एकूण उत्पन्नात या शुल्कांचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक होता, हेही कोर्टापुढे आले होते. म्हणून ‘शुल्क बँकेला आलेल्या खर्चाच्या मानाने फार जास्त आहे’ हा आक्षेप बंद झाला. इतर कारणांवरून अट अन्याय्य आहे का, हा प्रश्न मात्र त्या न्यायालयापुढे नव्हताच. तो त्यांनी ठरवलेला नाही, आणि ही गोष्ट त्या कोर्टाचे अध्यक्ष लॉर्ड फिलिप्स यांनी निकालात स्पष्ट नोंदवली आहे. तुमच्या दाव्याला जी काही जागा उरली आहे, ती इथे आहे.

आता मुदतीचा हिशेब पाहू. अनेकांनी तो केलेलाच नसतो. लिमिटेशन अ‍ॅक्ट १९८० च्या कलम ५ प्रमाणे करारावर आधारलेल्या दाव्याला सहा वर्षांची मुदत असते, आणि ती प्रत्येक कपातीपासून स्वतंत्र मोजली जाते. मे २००७ मध्ये दावा दाखल झाला तेव्हा तुमच्या सर्व कपाती मुदतीत होत्या, आणि दावा चालू असेपर्यंत त्या तशाच राहतात. हा दावा काढून टाकला गेला आणि तुम्ही उद्या नवा लावला, तर तो फक्त २००४ च्या सुरुवातीपर्यंत मागे पोहोचेल. तुमच्या तक्त्यातील ७८ पैकी ४१ कपाती त्याआधीच्या आहेत. म्हणजे १,२३० पौंड मुद्दल आणि त्यावर काउंटी कोर्ट्स अ‍ॅक्ट १९८४ च्या कलम ६९ खाली मागितलेले ८ टक्के व्याज एका दिवसात हातचे जाईल. शिवाय काढून टाकलेल्या दाव्याच्या जागी तोच दावा पुन्हा आणला, तर बँक ‘प्रक्रियेचा गैरवापर’ हा आक्षेप घेईल तो वेगळाच. कलम ३२ मध्ये चूक किंवा लपवाछपवी असल्यास मुदत लांबण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर चालता दावा सोडून देऊ नये.

पुण्यामुंबईच्या कोर्टांची सवय असलेल्या आपल्या लोकांची एक समजूत मला वारंवार आढळते. स्थगिती असलेले प्रकरण बोर्डावर पडून राहील, वकील तारखा घेत राहील आणि कधीतरी ते आपोआप पुढे सरकेल, असे त्यांना वाटते. इथल्या काउंटी कोर्टाला स्वतःहून फाइल बंद करण्याचा अधिकार आहे आणि २०१० च्या या सुरुवातीला तो सढळपणे वापरला जात आहे. सर्व कोर्टांचे आदेशही एकसारखे नाहीत. काहींनी कसोटी दाव्याच्या अंतिम निकालापासून ठरावीक दिवसांत वादीने लेखी कळवावे असे २००७ मध्येच लिहून ठेवले होते. काहींनी ‘पुढील आदेशापर्यंत’ एवढेच म्हटले होते. काही आता तुमच्यासारखी तारीख देऊन आपोआप काढून टाकण्याची ताकीद देत आहेत. म्हणून मित्राच्या आदेशावरून आपल्या आदेशाचा अर्थ लावू नये. २००७ चा आदेशही कपाटातून काढून ताज्या आदेशाशेजारी ठेवून वाचावा. जुन्या आदेशातली एखादी मुदत डिसेंबरमध्येच उलटून गेली असेल, तर नव्या अर्जात तिचाही उल्लेख करून माफी मागावी लागते.

तुमच्या आदेशात ‘दाखल’ असा शब्द आहे. दाखल म्हणजे कोर्टाच्या कार्यालयात पोहोचलेला. त्या दिवशी टपालात टाकलेला अर्ज दाखल होत नाही. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आदल्या आठवड्यात स्वतः काउंटरवर जाऊन अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यावा. हा आदेश कोर्टाने सुनावणी न घेता स्वतःहून काढलेला असल्यामुळे तो रद्द किंवा बदलून मागण्याचा अधिकारही तुम्हाला आहे. सिव्हिल प्रोसिजर नियम ३.३ प्रमाणे, आदेशात वेगळी मुदत दिली नसेल, तर तो अधिकार आदेश बजावल्यापासून सात दिवसांत वापरावा लागतो. पहिल्या वर्गाच्या टपालाने पाठवलेले पत्र पाठवल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी, तो कामकाजाचा दिवस असल्यास, बजावले गेले असे मानतात. तुम्हाला ते प्रत्यक्षात कधी मिळाले याला तिथे महत्त्व नाही. तुमच्या बाबतीत आदेश बदलून घेण्याची गरज मला दिसत नाही, कारण दिलेली मुदत पुरेशी आहे. पण ज्यांना तीन-चार दिवसांचीच मुदत मिळाली आहे त्यांनी या नियमाचा उपयोग करावा.

आणखी एक सावधगिरी. बँकेच्या वकिलाने फोनवर ‘दोन आठवडे जास्त घ्या, आमची हरकत नाही’ असे सांगितले, तरी त्यावर थांबू नये. मुदत चुकल्यास काय होईल हे आदेशातच लिहिलेले असेल, तर २०१० च्या नियमांप्रमाणे पक्षकारांना आपसात ती मुदत वाढवता येत नाही. ती फक्त कोर्ट वाढवू शकते. मुदत चुकून दावा निघून गेलाच, तर २०१० मध्ये लागू असलेल्या नियम ३.९ खाली दिलासा मागता येतो. तिथे उशिराचे कारण, अर्ज किती तातडीने केला आणि चूक जाणूनबुजून झाली का, हे सगळे पुराव्यानिशी मांडावे लागते. ‘सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून हताश झालो’ हे कारण पुरेसे ठरत नाही.

अर्ज एन२४४ या फॉर्मवर करायचा. मागण्या तीन लिहाव्यात: स्थगिती उठवावी, सोबतच्या मसुद्याप्रमाणे दाव्याच्या तपशिलात दुरुस्ती करण्याची परवानगी द्यावी, आणि दावा स्मॉल क्लेम्स ट्रॅकवर (लहान रकमेच्या दाव्यांसाठीच्या सोप्या प्रक्रियेत) घेऊन पुढील निर्देश द्यावेत. कारणे मोजक्या परिच्छेदांत द्यावीत. स्थगिती कसोटी दाव्यासाठी होती आणि तो संपला आहे. सुप्रीम कोर्टाने ठरवलेला मुद्दा वादी आता मांडत नाही. उरलेले मुद्दे त्याच कपातींवर आणि त्याच करारावर आधारलेले आहेत. आणि दावा गेला तर त्यातील अर्ध्याहून अधिक रक्कम मुदतबाह्य होईल. शेवटी सत्यतेच्या विधानाखाली सही करावी. कोर्टासाठी, बँकेसाठी आणि स्वतःसाठी अशा प्रती कराव्यात. उत्पन्न कमी असेल किंवा काही सरकारी भत्ते मिळत असतील, तर अर्जाची फी माफ करून घेण्यासाठी ईएक्स१६० हा फॉर्म सोबत द्यावा. फी किंवा माफीचा फॉर्म जोडला नाही म्हणून मुदतीच्या दिवशी अर्ज परत येणे ही टाळता येण्याजोगी हानी आहे, आणि ती घडताना मी पाहिली आहे.

दुरुस्तीच्या मसुद्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. २००७ मध्ये फिरत असलेल्या नमुन्यांवरून तुम्ही जो तपशील लिहिला, त्याला दोन पाय होते. एक, हे शुल्क सामान्य कायद्याप्रमाणे (निकालांतून घडलेल्या ‘कॉमन लॉ’प्रमाणे) दंड आहे; त्यासाठी, करारभंगाबद्दल ठरवलेली दंडात्मक रक्कम वसूल करता येत नाही हे सांगणाऱ्या १९१५ च्या डनलॉप खटल्याचा आधार घेतलेला होता. दोन, ही रक्कम नुकसानीच्या मानाने अवाजवी असल्यामुळे १९९९ च्या नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टातील १(इ) प्रमाणे अट अन्याय्य आहे. पहिला पाय हायकोर्टातच गेला. त्यानंतर जुन्या अटींचीही तपासणी झाली आणि त्यांतल्या जवळजवळ सर्व अटींबाबत उत्तर तेच आले. दुसरा नोव्हेंबरमध्ये गेला. हे परिच्छेद तुम्ही स्वतःहून काढून टाकावेत. ‘अवाजवी’, ‘फार जास्त’, ‘बँकेचा खरा खर्च अडीच पौंडांहून अधिक नाही’ असे एकही वाक्य मागे राहू देऊ नये, कारण बँकेचा वकील त्याच वाक्यावर बोट ठेवून ‘हा किमतीचाच आक्षेप आहे’ असे म्हणेल.

त्या जागी दोन आधार येतात. पहिला त्याच नियमांतील ५(१): सद्भावनेला सोडून असलेली आणि पक्षांच्या हक्क-कर्तव्यांत ग्राहकाच्या तोट्याचा मोठा असमतोल घडवणारी अट अन्याय्य ठरते. सद्भावना म्हणजे व्यवहार उघड आणि सरळ असणे, असे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००१ मध्ये फर्स्ट नॅशनल बँकेच्या प्रकरणात सांगितले आहे. इथे रकमेविषयी न बोलता अट कशी काम करते ते दाखवावे लागते. खाते उघडताना हे शुल्क कुठे आणि कसे सांगितले होते? बँक ते एकतर्फी बदलू शकत होती का? कापण्याआधी सूचना मिळत होती का? एका कपातीमुळे दुसरी कपात ओढवत होती का? न्याय्यता करार झाला त्या वेळच्या परिस्थितीवरून तपासतात, हे लक्षात ठेवून खाते उघडतानाची पुस्तिका, दरपत्रक, पत्रे जे काही सापडेल ते शोधावे.

साखळीचा मुद्दा तुमच्या बाजूने खरोखर भक्कम आहे, म्हणून त्याकडे विशेष लक्ष वेधतो. तुमच्या तक्त्यातील मार्च २००३ पाहा. महिन्याच्या ३ तारखेला वर्गणीचे ९ पौंडांचे डायरेक्ट डेबिट परत गेले आणि ३० पौंडांचे शुल्क लागले. ते शुल्क १४ तारखेला खात्यातून वजा झाले, तेव्हा पगार अजून यायचा होता, आणि त्या वजावटीनेच खाते मंजूर मर्यादेच्या खाली गेले. त्याबद्दल आणखी ३० पौंड. १७ तारखेला विजेच्या बिलाचे डेबिट त्यामुळे परत गेले, आणि पुन्हा ३०. नऊ पौंडांच्या कमतरतेतून नव्वद पौंड गेले, आणि त्यांतील साठ पौंडांचे कारण बँकेची स्वतःचीच कपात होती. मूळ तपशिलात तुम्ही हे सगळे नुसते ७८ ओळींत लिहिले होते. आता अशा तीन-चार साखळ्या निवडून, तारीखवार शिलकीसह, स्वतंत्र परिच्छेदांत मांडा. न्यायाधीशांना खातेउताऱ्यावर बोट ठेवून पाहता येईल अशी ही गोष्ट आहे.

दुसरा आधार कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट १९७४ च्या कलम १४०अ चा. धनको आणि ऋणको यांच्यातील संबंध कराराच्या अटींमुळे, धनकोने आपले हक्क ज्या रीतीने वापरले त्यामुळे किंवा त्याने केलेल्या वा न केलेल्या इतर गोष्टींमुळे अन्याय्य झाला असेल, तर कोर्ट घेतलेले पैसे परत करायला लावू शकते. ओव्हरड्राफ्ट हा पतपुरवठाच आहे. या कलमाचा मोठा फायदा असा, की ऋणकोने अन्यायाचा आरोप केला की संबंध अन्याय्य नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर येतो. जुन्या करारांना हे कलम ६ एप्रिल २००८ पासून लागू झाले, आणि त्या तारखेपूर्वीच जे करार पूर्ण होऊन संपले होते त्यांना लागू होत नाही. तुमचे खाते आजही चालू आहे, म्हणून तुम्हाला अडचण नाही. ज्यांनी २००७ मध्येच खाते बंद करून हिशेब मिटवला, त्यांना या कलमाचा उपयोग होणार नाही. ग्लासगोच्या गोवन लॉ सेंटर या कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थेने हेच दोन आधार घेऊन नवी मांडणी जाहीरपणे पुढे आणली आहे. ती अभ्यासावी, पण जशीच्या तशी उतरवू नये. नमुन्यांच्या आंधळ्या वापरानेच २००७ चे दावे एकसारखे झाले आणि एकत्र पडले.

या कलमातील कच्चे दुवेही सांगतो. ओव्हरड्राफ्ट झाला तिथे बँकेने पत दिली असे म्हणता येते. डेबिट परत पाठवले तिथे तिने पत नाकारली, म्हणून त्या कपाती या कलमात बसवणे अवघड जाते. तक्त्यात या दोन प्रकारच्या कपाती वेगळ्या दाखवा. दुसरे, मे २००७ मध्ये हे कलम तुमच्या कराराला लागूच नव्हते, तेव्हा दाव्यानंतर जन्मलेला हक्क दुरुस्तीने आत आणता येत नाही, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे, की परवानगी देणे कोर्टाच्या विवेकावर आहे, आणि ती नाकारली तर त्याच घटनांवर दुसरा दावा उभा राहील, ज्यात दोघांचाही वेळ आणि पैसा जाईल.

दुरुस्तीला मुदतीचा एक नियमही लागतो. मुदत संपल्यानंतर नवा आधार जोडायचा असेल, तर तो मूळ दाव्यातील त्याच किंवा बहुतांशी त्याच घटनांतून निघालेला असावा लागतो. तसा असेल तर तो मूळ दाव्याच्या तारखेपासूनच मांडला होता असे धरले जाते. म्हणून २००७ नंतरच्या नव्या कपाती या दुरुस्तीत कोंबू नका. त्यांची मुदत अजून शिल्लक आहे. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करता येईल. मसुद्यात जुना मजकूर वाचता येईल असा खोडलेला आणि नवा मजकूर अधोरेखित असावा. रंगाने दाखवायचा झाल्यास पहिली दुरुस्ती लाल, पुढची हिरवी, मग जांभळी आणि पिवळी, असा इथला क्रम आहे.

खर्चाची भीती योग्य प्रमाणात बाळगावी. २०१० च्या नियमांप्रमाणे ५,००० पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स ट्रॅकवर गेला, की हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी सहसा भरावी लागत नाही. अवाजवी वर्तन केले तरच तो धोका. पण तुमच्या कागदांवरून दिसते, की दावा स्थगित झाला तेव्हा तो कोणत्याही ट्रॅकवर घेतलेला नव्हता. त्यामुळे ते संरक्षण अजून सुरू झालेले नाही, आणि नवे मुद्दे गुंतागुंतीचे आहेत असे सांगून बँक दावा वरच्या ट्रॅकवर न्यायची मागणी करू शकते. तिथे हरल्यास खर्चाचा आकडा दाव्याच्या रकमेपेक्षा मोठा होऊ शकतो. म्हणून अर्जातील तिसरी मागणी पहिल्या दोन मागण्यांइतकीच महत्त्वाची आहे. सुनावणीत न्यायाधीशांचा कल वरच्या ट्रॅककडे दिसला, तर तिथेच थांबून पुनर्विचाराची मुभा मागावी.

दरम्यान बँकेकडून एक सौम्य भाषेतले पत्र येईल: दावा मागे घ्या, आम्ही खर्च मागणार नाही, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण सही करण्यापूर्वी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. कैफियत दाखल झाल्यानंतर मागे घेतलेला दावा त्याच घटनांवर पुन्हा लावायचा, तर कोर्टाची परवानगी लागते. आणि स्मॉल क्लेम्स ट्रॅकवर घेतलेला दावा मागे घेताना खर्च भरण्याचा नेहमीचा नियम लागूच होत नाही, म्हणजे तिथे बँकेची सवलत फारशी सवलत नसते.

घर बदललेल्यांसाठी, आणि विशेषतः वर्क परमिटवर येऊन आता पुण्याला किंवा मुंबईला परतलेल्या आपल्या अनेक मंडळींसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कोर्टाला दिलेला पत्ता बदलला असेल, तर तो लेखी स्वरूपात कोर्टाला आणि बँकेच्या वकिलांना, दोघांनाही कळवावा लागतो, आणि नवा पत्ता युनायटेड किंग्डममधलाच लागतो. कोथरूडचा पत्ता चालत नाही. जुन्या भाड्याच्या घरी गेलेला आदेश बजावलेला समजला जातो, मग ते पाकीट नव्या भाडेकरूने टाकून दिले तरीही. विश्वासू नातेवाईक किंवा मित्र इथे असेल तर त्याचा पत्ता द्या, आणि कोर्टाचे प्रत्येक पाकीट त्याच दिवशी उघडून तुम्हाला कळवायला सांगा. त्याचबरोबर प्रतिवादीचे नावही तपासा. जानेवारी २०१० मध्ये अ‍ॅबी नॅशनलचे सँटँडर यूके झाले आहे. नाव बदलले तरी कंपनी तीच राहते आणि दावाही तिच्यावर तसाच राहतो. पत्रव्यवहारात नवे नाव आणि दाव्याचा तोच क्रमांक लिहावा.

खातेउतारे जपून ठेवा. २००१ चे उतारे बँकेकडे आता नसण्याची शक्यता आहे, त्यामुळे तुमच्याकडील मूळ कागद हाच पुरावा. मधले काही हरवले असतील, तर २०१० मध्ये लागू असलेल्या डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट १९९८ खाली १० पौंड भरून मागणी करा; बँकेला ४० दिवसांत द्यावे लागतात. हे ४० दिवस १५ फेब्रुवारीच्या पलीकडे जातील, म्हणून त्यांच्यासाठी अर्ज थांबवू नका; उतारे मागितले आहेत एवढे अर्जात नमूद करा.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी हे उत्तर आपल्याला लागू करून घेऊ नये. तिथली प्रक्रिया वेगळी आहे, थांबवलेल्या दाव्याला तिथे ‘सिस्ट’ म्हणतात आणि मुदत पाच वर्षांची असते.

दावा चालवावा का, या तुमच्या प्रश्नावर माझे मत असे. नव्या मुद्द्यांवर वरच्या कोर्टाचा निकाल अजून, म्हणजे जानेवारी २०१० मध्ये, नाही आणि जिंकण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण तुमचे खाते चालू आहे, कागद पूर्ण आहेत, साखळ्या स्पष्ट दिसतात आणि अर्धी रक्कम या दाव्यावरच टिकून आहे. इतके असताना तो न लढता जाऊ द्यावा असे मला वाटत नाही. अर्ज करा, स्मॉल क्लेम्स ट्रॅक मागा, आणि तो मिळाला तर पुढे जा. याउलट ज्याची सगळी रक्कम २००५ नंतरची आहे, खाते बंद आहे आणि उतारेही हाताशी नाहीत, त्याला मी दावा सोडून देण्याचा सल्ला देईन. त्या काळात नोकरी गेली असेल, आजारपण असेल, घरभाडे थकले असेल, तर ते वेगळ्या पत्राने बँकेला आजच कळवा. आर्थिक अडचणीतील ग्राहकाच्या तक्रारी बँकांना मिळालेल्या त्या तात्पुरत्या सूटीतूनही वगळलेल्या होत्या, आणि त्यांचा विचार बँकेला कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता करावा लागतो.

आणि विचारांती दावा नकोच असे ठरले, तर १५ तारीख नुसती जाऊ देऊ नका. एन२७९ हा दावा मागे घेण्याचा फॉर्म भरून कोर्टाला आणि बँकेला पाठवा, आणि ट्रॅक ठरलेला नसल्यामुळे त्याआधी, दोघांनी आपापला खर्च सोसायचा, असे बँकेच्या वकिलांकडून लेखी घ्या.